कलासंग्रहालयाच्या संकेतस्थळावर नेमके चित्र कसे शोधावे?

कुंचला_आणि_कागद:

नमस्कार. आमच्या लहानशा रसास्वाद मंडळात पुढच्या महिन्यात मला दोन चित्रांवर बोलायचे आहे: एक व्हिन्सेंट व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ आणि दुसरे होकुसाईची ‘कानागावाची महालाट’. छापील पुस्तकातल्या फिकट चित्रांवरून बोलण्यापेक्षा ही चित्रे ज्या संग्रहालयांच्या मालकीची आहेत त्यांच्याच संकेतस्थळांवरून माहिती आणि मोठ्या आकाराची छायाचित्रे घ्यावीत, असे ठरवून मी संगणकापुढे बसले आणि तीन संध्याकाळी त्यातच संपल्या.

पहिल्या संकेतस्थळावर वरच्या कोपऱ्यातील भिंगाच्या चिन्हावर टिचकी मारून मी ‘सनफ्लॉवर्स’ हा शब्द दिला. उत्तरादाखल सूर्यफुलांची नक्षी असलेली छत्री, मुलांची एक कार्यशाळा आणि केव्हाच होऊन गेलेल्या व्याख्यानाची सूचना समोर आली. चित्र मात्र आले नाही. दुसऱ्या संकेतस्थळावर चित्र मिळाले, पण त्यात फुलदाणीच नाही, नुसती दोन खुडलेली फुले आडवी पडलेली आहेत. होकुसाईच्या लाटेने तर गोंधळ आणखी वाढवला. ती मला चार वेगवेगळ्या संग्रहालयांत सापडली, एकाच संग्रहालयात तिच्या अनेक नोंदी दिसल्या आणि त्यांतल्या बहुतेकींखाली ‘नॉट ऑन व्ह्यू’ असे लिहिलेले होते. एवढे जगप्रसिद्ध चित्र कोणीच भिंतीवर लावत नाही, हे कसे?

छायाचित्रांचीही तीच कथा. पडद्यावर ती हवी तेवढी मोठी करता येतात, पण उतरवून घ्यायला गेले की हाती टपाल तिकिटाएवढा तुकडा येतो.

या संकेतस्थळांच्या रचनेत काही समान सूत्र असते का? प्रत्येक संग्रहालयाची मांडणी नव्याने शिकत बसण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, आणि खरे सांगायचे तर आता उत्साहही उरलेला नाही.

जुना_सूचिकार:

आपण चुकीच्या दारातून आत गेलात, इतकेच झाले आहे. मोठ्या संग्रहालयाचे संकेतस्थळ म्हणजे बहुधा एका छपराखालची दोन वेगळी घरे असतात. पहिले घर भेट देणाऱ्यांसाठी असते आणि त्यात तिकिटे, वेळा, चालू प्रदर्शने, दुकान व कार्यक्रम असतात. दुसरे घर म्हणजे संग्रहाची सूची, जिच्यात प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद असते. कोपऱ्यातील भिंग अनेकदा पहिल्या घरातच शोधते, म्हणून आपल्याला छत्री मिळाली. मुख्य यादीत ‘कलेक्शन’, ‘आर्ट’, ‘कलेक्शन ऑनलाइन’ अशा नावाचा जो दुवा असेल तो उघडून त्या पानावरची स्वतंत्र शोधपेटी वापरावी. पॅरिसच्या लूव्हरने तर २०२१ मध्ये आपल्या संग्रहाची सूची वेगळ्याच पत्त्यावर उघडली आणि तिच्यात ४,८०,००० हून अधिक नोंदी ठेवल्या. त्यामुळे तिकिटांच्या पानावर कितीही वेळ शोधत बसलो तरी त्या नोंदी तिथे भेटणार नाहीत.

आता ‘समान सूत्र’ म्हणाल तर ते एकच आहे, आणि ते म्हणजे वस्तूचा क्रमांक. संग्रहात दाखल होताना प्रत्येक वस्तूला एक नोंदणी क्रमांक मिळतो, आणि तो नोंदीच्या पानावर ‘ॲक्सेशन नंबर’, ‘ऑब्जेक्ट नंबर’ किंवा ‘इन्व्हेंटरी नंबर’ या नावाने दिलेला असतो. चित्राचे नाव भाषेगणिक बदलते, चित्रकाराच्या नावाचे स्पेलिंग बदलते, संकेतस्थळाची रंगरंगोटी दर काही वर्षांनी बदलते. हा क्रमांक मात्र सहसा बदलत नाही. शोधपेटीत तो जसाच्या तसा, बिंदू आणि आडव्या रेघांसह लिहिला की बहुतेक ठिकाणी नेमकी तीच नोंद उघडते.

हा क्रमांक वाचायला शिकलात तर तो बोलूही लागतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात पहिला आकडा बहुधा वस्तू दाखल झाल्याचे वर्ष सांगतो. आपल्याला मिळालेली बिनफुलदाणीची सूर्यफुले तिथलीच असावीत, कारण ४९.४१ या क्रमांकाचे त्यांचे चित्र तसेच आहे: व्हॅन गॉगने ते १८८७ मध्ये पॅरिसमध्ये रंगवले आणि संग्रहालयाने १९४९ मध्ये घेतले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ‘एसके’ने सुरू होणारा क्रमांक रंगचित्राचा असतो आणि ‘आरपी-पी’ने सुरू होणारा छापचित्राचा, रेम्ब्राँटच्या ‘नाइट वॉच’चा क्रमांक एसके-सी-५ आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘एनजी १’ कोणते चित्र असेल, याचे मला कैक वर्षे कुतूहल होते. ते सेबास्तियानो देल पिओम्बोचे ‘लाझरसचे पुनरुत्थान’ निघाले. गॅलरी १८२४ मध्ये ज्या ३८ चित्रांवर सुरू झाली त्यांपैकी ते एक. हे थोडे विषयांतर झाले, पण सूची चाळण्याची गोडी अशाच गोष्टींमुळे लागते.

फुलदाणीतील सूर्यफुले व्हॅन गॉगने दक्षिण फ्रान्समधील आर्ल गावात १८८८ आणि १८८९ या वर्षांत एकापेक्षा अधिक वेळा रंगवली. आज ती लंडन, म्युनिक, ॲम्स्टरडॅम, फिलाडेल्फिया आणि टोकियो येथील संग्रहालयांत आहेत. एक चित्र १९४५ मध्ये जपानमध्ये युद्धात जळून गेले. म्हणून नुसते ‘सूर्यफुले’ म्हणून शोधणे म्हणजे गर्दीत ‘अहो’ म्हणून हाक मारणे आहे. यावर उपाय म्हणून, द ला फाय यांनी केलेल्या व्हॅन गॉगच्या चित्रांच्या सूचीतील ‘एफ’ क्रमांक अभ्यासक वापरतात. लंडनचे चित्र एफ ४५४ आणि ॲम्स्टरडॅमचे एफ ४५८. लंडनच्या चित्राचा संग्रहालयातील स्वतःचा क्रमांक एनजी ३८६३ आहे. मंडळात बोलण्यापूर्वी आपण यांतल्या कोणत्या चित्रावर बोलणार आहात हे आधी ठरवावे, म्हणजे निम्मा शोध तिथेच संपेल.

कोरी_चौकट:

सूचिकारांचे म्हणणे बरोबर असले तरी मी स्वतः संग्रहालयाच्या शोधपेटीला सहसा हात लावत नाही. बाहेरच्या शोधयंत्रात चित्राचे नाव, संग्रहालयाचे नाव आणि ‘ॲक्सेशन नंबर’ हे शब्द एकत्र दिले की बऱ्याचदा सरळ नोंदीच्या पानावर जाता येते. एखाद्या संकेतस्थळापुरतेच शोधायचे असल्यास ‘साइट’ या शब्दापुढे अपूर्णविराम देऊन लगेच त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा.

मराठी वाचकांसाठी आणखी एक सोय आहे जी फारशी कोणी वापरत नाही. विकिपीडियाशी जोडलेल्या विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्यावर अनेक प्रसिद्ध चित्रांची नावे मराठीतही नोंदलेली असतात. तिथे ‘मोना लिसा’ असे देवनागरीत शोधून चित्राचे पान उघडले की ते कोणत्या संग्रहात आहे, त्याचा इन्व्हेंटरी क्रमांक काय आणि संग्रहालयाच्या मूळ नोंदीचा दुवा कोणता, हे एकाच ठिकाणी मिळते. परकीय नावांच्या स्पेलिंगशी झुंजण्यापेक्षा हे मला सोपे वाटते.

जुना_सूचिकार:

विकिडेटाची सूचना उत्तम आहे. माझ्या ध्यानात ती आली नव्हती. बाहेरच्या शोधयंत्राबद्दल मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. सूचीतील लाखो नोंदींपैकी प्रत्येक पान शोधयंत्राने टिपलेले असतेच असे नाही, आणि जी टिपलेली असतात त्यांत प्रसिद्ध चित्रांचाच भरणा असतो. अप्रसिद्ध चित्रकाराचे रेखाटन हवे असेल तर संग्रहालयाच्या सूचीला पर्याय नाही. शिवाय संकेतस्थळाची फेरमांडणी झाली की जुने दुवे मरतात आणि शोधयंत्र काही काळ त्या मेलेल्या पत्त्यांवरच आपल्याला पाठवत राहते. अशा वेळी हाती क्रमांक असेल तर नवी सूची उघडून तो पुन्हा शोधता येतो. नुसता दुवा जपून ठेवला असेल तर आपल्या हाती काही उरत नाही. मी एका लेखासाठी जमवलेले चाळीसेक दुवे एका संग्रहालयाने एका रात्रीत निकामी केले होते आणि त्यांतल्या निम्म्यांचे क्रमांक मी लिहूनच ठेवले नव्हते. तेव्हापासून वहीत आधी क्रमांक आणि मग दुवा.

नावांविषयी एक भर घालतो. शोध त्या संग्रहालयाच्या भाषेत करून पाहावा. लूव्हरच्या नोंदीत ‘मोना लिसा’चे शीर्षक फ्रेंचमध्ये आहे, त्यात ती फ्रान्चेस्को देल जोकोन्दोची पत्नी लिसा घेरार्दिनी असून ‘ला जोकोंद’ किंवा ‘मोन्ना लिसा’ या नावांनी ओळखली जाते आणि त्या ‘मोन्ना’मध्ये दोन ‘एन’ आहेत. आयएनव्ही ७७९ हा क्रमांक दिला तर असल्या अडचणी येत नाहीत. चित्रकारांची अकारविल्हे यादी पाहताना व्हॅन गॉग ‘व्ही’खाली नसेल तर ‘जी’खाली पाहावा, कारण डच पद्धतीत ‘व्हॅन’ हा शब्द क्रम लावताना धरत नाहीत. जपानी नावात घराणे आधी येते, म्हणून होकुसाई ‘कात्सुशिका होकुसाई’ असा ‘के’खाली असू शकतो.

चित्रकाराच्या नावामागचे छोटे शब्दही नजरेआड करू नयेत. ‘अॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे चित्र त्याचे असावे असे मानतात. ‘वर्कशॉप ऑफ’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेत झालेले. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या वळणाने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाचे. आणि ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या मूळ कृतीवरून केलेली नक्कल. बर्लिनमधील ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’ हे चित्र दीर्घकाळ रेम्ब्राँटचे म्हणून गाजले, परंतु १९८०च्या दशकात तपासणीअंती ते त्याच्या वर्तुळातील कोणा दुसऱ्याचे ठरवण्यात आले. जुनी पुस्तके अजून जुनेच नाव सांगतात, सूचीतील नोंद मात्र दुरुस्त होते, आणि पुस्तकाऐवजी सूची पाहण्याचे हे मला सर्वांत मोठे कारण वाटते.

पिक्सेलपंत:

लाटेचा आणि छायाचित्रांचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून लिहितो.

‘महालाट’ हे रंगवलेले चित्र नसून लाकडी ठशांवरून काढलेले छापचित्र आहे. १८३१च्या सुमारास ते प्रथम छापले गेले आणि त्याच्या पुष्कळ प्रती निघाल्या. त्यामुळे ते अनेक संग्रहालयांत असणे यात कोणाचाही खोटा दावा नाही, आणि एकाच संग्रहालयातील अनेक नोंदी म्हणजे एकाच चित्राच्या निरनिराळ्या प्रती आहेत. मेट्रोपोलिटनची जेपी १८४७ ही त्यांपैकी एक. तिच्या नोंदीतील ‘क्रेडिट लाइन’ सांगते की ती हॅवमायर संग्रहातून १९२९ मध्ये मृत्युपत्राने आली. प्रतींमध्ये फरकही असतो आणि तो पाहण्यासारखा असतो. डाव्या कोपऱ्यातील शीर्षकाच्या चौकटीकडे लक्ष द्या: ठसा झिजत गेल्यावर काढलेल्या प्रतींमध्ये त्या चौकटीची रेघ मधेमधे तुटलेली दिसते. आकाशातील फिकट गुलाबी छटाही काही प्रतींत टिकली आहे, काहींत जवळजवळ उडून गेली आहे. म्हणजे आपण पडद्यावर कोणती प्रत दाखवणार, यालाही अर्थ आहे.

‘नॉट ऑन व्ह्यू’चे कारणही यातच आहे. कागदावरचे रंग प्रकाशाने कायमचे उडतात. म्हणून अशा कृती साधारण ५० लक्सइतक्या मंद उजेडात, काही महिनेच दाखवून नंतर वर्षानुवर्षे अंधारात विश्रांतीला ठेवतात. तैलचित्राच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा जागेचीच अडचण असते. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांपैकी जेमतेम १ टक्का दालनांत मांडलेल्या असतात. तेव्हा ‘नॉट ऑन व्ह्यू’ म्हणजे वस्तू हरवली किंवा नाकारली असे नव्हे. ती सध्या दालनात मांडलेली नाही, बहुधा भांडारात आहे, एवढाच त्याचा अर्थ. केवळ मांडलेल्या वस्तू पाहायच्या असल्यास सूचीच्या फिल्टरमध्ये ‘ऑन व्ह्यू’ निवडता येते. मोबाइलवर हे फिल्टर बहुधा एका लहानशा बटनामागे दडलेले असतात, म्हणून शोधकाम संगणकावरच करावे.

आता टपाल तिकिटाबद्दल. मोठे छायाचित्र एकसंध पाठवले तर पान उघडायला फार वेळ लागेल, म्हणून ते वेगवेगळ्या आकारांत आणि लहान चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेले असते; आपण जिथे मोठे करून पाहतो तेवढेच तुकडे पडद्यावर येतात. राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये ‘नाइट वॉच’चे ७१७ गिगापिक्सेलचे छायाचित्र खुले केले, ते असे तुकडे केल्याशिवाय कोणाच्याच संगणकावर उघडले नसते. उजवी टिचकी मारून जतन केले की त्यातला एखादा तुकडा किंवा छोटी प्रतिमाच हाती येते. त्याऐवजी चित्राखाली किंवा बाजूला असणारे खाली वळलेल्या बाणाचे चिन्ह शोधावे आणि पूर्ण आकाराची फाइल तिथून घ्यावी. बाण नसेल तर बहुधा परवानगीच नसते, हे समजून घ्यावे.

परवानगीची ओळ वाचायला विसरू नका, कारण मूळ चित्र हक्कमुक्त असणे आणि त्याचे संग्रहालयाने काढलेले छायाचित्र मोकळेपणाने वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मेट्रोपोलिटनने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या हक्कमुक्त कृतींची छायाचित्रे ‘सीसी झिरो’ परवान्याखाली खुली केली, म्हणजे ती कोणत्याही कामासाठी न विचारता वापरता येतात. क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियन या अमेरिकेतील संग्रहालयसमूहाने २०२० मध्ये तेच केले. ब्रिटिश म्युझियमच्या छायाचित्रांचा परवाना मात्र सर्वसाधारणपणे श्रेय देऊन, विनाव्यापारी वापरापुरता असतो. आपल्या मंडळातील भाषणाला कोणाचीच अडचण येणार नाही. त्याच भाषणाची विकत द्यायची पुस्तिका काढलीत तर हा फरक लागू होईल. आधुनिक चित्रकारांची गोष्ट आणखी निराळी आहे. अनेक देशांत स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, आणि पिकासो १९७३ मध्ये वारला. म्हणून त्याच्या चित्रांच्या नोंदीत कित्येकदा नखाएवढी प्रतिमा किंवा करडा चौकोन दिसतो. तो संकेतस्थळाचा बिघाड नसतो.

दोन संग्रहालयांतील प्रती शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर नोंदीच्या पानावर ‘आयआयआयएफ’ हे चिन्ह आहे का ते पाहा. ही छायाचित्रे देण्याची एक सामाईक पद्धत आहे, आणि ‘मिराडोर’सारख्या चित्रे पाहण्याच्या संगणकप्रणालीत वेगवेगळ्या संग्रहालयांची चित्रे एकाच खिडकीत उघडता येतात.

कोरी_चौकट:

एक छोटी भर. नोंदीचे पान वरच्या परिच्छेदावर सोडून देऊ नका. खाली मिटलेल्या पट्ट्या असतात. त्यांत ‘प्रोव्हेनन्स’ म्हणजे मालकीचा इतिहास, आजवरची प्रदर्शने आणि संदर्भग्रंथ दिलेले असतात. भाषणासाठी खरा मजकूर तिथेच मिळतो. मेट्रोपोलिटनने स्वतः प्रकाशित केलेली शेकडो पुस्तके २०१२ पासून ‘मेटपब्लिकेशन्स’ या विभागात पूर्ण वाचायला मिळतात, पण तो विभाग मुख्य यादीत ठळक दिसत नाही.

आणि कोणी प्रत्यक्ष भेटीचा विचार करत असेल तर नोंदीवरचा दालन क्रमांक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावा. चित्रे प्रवासाला जातात. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाची सूर्यफुले लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहुणी म्हणून होती.

कुंचला_आणि_कागद:

आपणा सर्वांचे आभार. काल संध्याकाळी सूचीच्या दारातून आत गेले आणि पाऊण तासात दोन्ही चित्रे मिळाली. लाटेच्या दोन प्रती शेजारी ठेवून चौकटीची तुटकी रेघ शोधण्यात त्यानंतरचा एक तास गेला, पण तो वाया गेला असे म्हणवत नाही. पडद्यावर दाखवायच्या पहिल्या पानाची ओळ अशी केली आहे: ‘सूर्यफुले, व्हिन्सेंट व्हॅन गॉग, जानेवारी १८८९, नॅशनल गॅलरी, लंडन, एनजी ३८६३’. हे पुरेसे आहे का?

जुना_सूचिकार:

क्रमांक आणि संग्रहालय एकमेकांशी जुळतात, साल जुळत नाही. एनजी ३८६३ हे ऑगस्ट १८८८चे चित्र आहे. जानेवारी १८८९ ही ॲम्स्टरडॅमच्या चित्राची तारीख आहे. दोन्ही नोंदी एकाच वेळी उघड्या होत्या का? आता छायाचित्राची फाइलही एकदा तपासा, कारण फुलदाणी आणि फुलांची मांडणी दोन्हींत जवळजवळ सारखीच आहे आणि उतरवून घेतलेल्या फाइलचे नाव कित्येकदा नुसते आकड्यांचे असते.

कुंचला_आणि_कागद:

तपासले. छायाचित्र ॲम्स्टरडॅमचे आणि ओळ लंडनची, असाच घोळ झाला होता. आता दोन्ही फाइलींना त्यांचे क्रमांक हेच नाव दिले आहे.